शब्दाची तारीख

कोनाड्यात एकूण अकरा वस्तू होत्या. दवाखान्याच्या दोन फायली, औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या, जंताच्या गोळ्यांचं एक पाकीट, एक काळा दोरा, एक लाल रिबीन, मधाची अर्धी बाटली, तांब्याची पळी आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी.

प्रणालीने त्या दोनदा मोजल्या. समोरचं माणूस रडायला लागलं की कुठे पाहावं हे तिला कळत नसे, म्हणून ती दिसेल ते मोजत बसे.

वलगावच्या पुढे, झेंडूच्या मळ्यातलं हे दोन खोल्यांचं घर. गीतांजली नावाची अकरा वर्षांची मुलगी जानेवारीत इथे वारली होती आणि आता एप्रिल चालू होता. प्रणाली रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली. अमरावतीच्या एका आरोग्य प्रकल्पात मृत्यूंची तोंडी चौकशी लिहून घेण्याचं काम तिला मिळालं होतं. फॉर्मवर एक रकाना होता: ‘कारण, कुटुंबाच्या स्वतःच्या शब्दांत’. त्याच्या शेजारी कोड लिहायचा.

“लिवा ना मग,” गीतांजलीचे आजोबा शालिकराम म्हणाले. “बाहेरचं होतं.”

हा शब्द तिला नवा नव्हता. आतापर्यंतच्या एक्केचाळीस फॉर्मांपैकी सतरांत तो आला होता. ऑफिसातला केयूर अशा वेळी कीबोर्डवरून मान न उचलता म्हणे, “बाहेरचं म्हणजे नव्व्याण्णव. कारण अस्पष्ट. पुढचा फॉर्म घे.” पण प्रणालीला पुढचा फॉर्म घेववत नसे. तिने या शब्दासाठी एक वेगळी वही केली होती. साप चावून मेलेल्याला कोणी बाहेरचं म्हणत नाही. ट्रकखाली आलेल्याला नाही, ऐंशीच्या म्हाताऱ्याला तर नाहीच. स्वतःच्या दुखण्याला कोणी तसं म्हणत नाही, म्हणतो तो शेजारी बसलेला. आणि एक रकाना तिने मुद्दाम आखला होता: आजाराच्या कितव्या दिवशी हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. सर्वांत लवकरचा आकडा नऊ होता. आधी दवाखाना, मग दुसरा दवाखाना, मग शब्द. डॉक्टरांना सापडलं नाही ते बाहेरचं, अशी व्याख्या तिने जवळजवळ पक्की केली होती.

“आबाजी, पहिल्यांदा कधी वाटलं तुम्हाला, की बाहेरचं आहे?”

“पोळ्याच्या करीले,” शालिकराम लगेच म्हणाले. “भर दुपारी एकटी फुलं तोडाले गेली. मी म्हटलं होतं, आज नको जाऊ. आली तं लटलट कापून राहिली. अंग तव्यावानी. मी तवाच ओळखलं.”

“त्याच दिवशी?”

“मंग काय पंचमीची वाट पाह्यतो का?”

“ताप किती दिवस होता?”

“दोन दिवस,” आतून गीतांजलीची आई, तानुबाई म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दारात बसून माळा ओवत होती. गोपाल, तिचा नवरा, सकाळीच फुलं घेऊन अमरावतीला गेला होता. “तिसऱ्या दिशी शाळेत गेली ना. चांगली होती पार दिवाळीलोक. दिवाळीत पोट धरलं, मंग उलट्या, मंग झटके.”

प्रणालीचं पेन थांबलं. ‘बाहेरचं’ आलेला हा अठरावा फॉर्म, आणि शब्दाचा आकडा एक. इथे शब्द आधी आला होता, दुखणं नंतर.

“मधल्या दिवसांत काही दिलं होतं तिला?”

“देणार नाही?” शालिकराम उठले आणि कोनाड्यातली पुडी घेऊन आले. “आमच्या बांधावरचा मारोती जागृत हाय. त्याले चढवलेला शेंदूर, मुगाच्या दाण्याएवढा, मधात. आधी शनवारी देवो. पोट दुखाले लागलं तं रोज चालू केला.”

त्यांनी पुडी तिच्या तळहातावर ठेवली. दिसायला ती लिंबाएवढी होती. हात मात्र खाली गेला.

“जड आहे,” ती म्हणाली.

“असली हाय. आजकाल दुकानात रंगाची भुकटी देतात, फुकली तं उडते. मी वजन पाहून आणतो.”

तेवढ्यात एक नऊ वर्षांची मुलगी भिंत धरत आतून आली. गीतांजलीची धाकटी बहीण, करिश्मा.

“तुमी शाळेच्या मॅडम हाय का? माह्यं पोट दुखते. मी येत नाई.”

“मी शाळेची नाही गं.”

“मंग कायची मॅडम? नुसतं लिवून राहिल्या!”

“चूप बस, बह्याड,” तानुबाई म्हणाली, पण तिचा आवाज पडला. “हिचंबी तसंच चालू झालं ताई. संडास होत नाई चार चार दिवस. वह्या फेकते. तेच हिलेबी धरून राह्यलं.”

“जीभ दाखव,” प्रणाली म्हणाली. करिश्माने वाकुल्या दाखवल्यासारखी जीभ काढली. प्रणालीने तिचा खालचा ओठ हलकेच ओढला. हिरडीच्या कडेने, दातांना लागून, पेन्सिलने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती.

“हिलाही देता शेंदूर?”

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” शालिकराम म्हणाले. “थे हिलेबी लागू नाई म्हणून.”

“द्यायला लागलात तेव्हा हिला काय होत होतं?”

“काही नाई. सायकलवर वलगावलोक जाये.”

प्रणालीला वाटलं, आपलं हे वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं असावं. नसावंही. पुढचं तिलाच बोलावं लागणार होतं, आणि त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

“आबाजी, असली शेंदूर म्हणजे शिसं असतं. धातू. बंदुकीच्या गोळीत असतो तो. पोटात गेलं की साचत जातं. पोट बांधतं, रक्त कमी करतं, मेंदूत जातं. मग झटके येतात.”

शालिकराम हसले. “मारोतीचा शेंदूर इख हाय म्हणतं तू?”

“मारुतीचं मी काही म्हणत नाही. पुडीतल्याबद्दल म्हणते.”

“माह्या बापानं मले चाटवला. मी मेलो का?”

“रोज? महिनोन् महिने?”

“वरसातून एकडाव,” ते म्हणाले, आणि मग एकदम आवाज चढवून, “शिकली म्हणून काहीबी बोलतं का? एवढ्या दोन फायली हाय थ्या डॉक्टरायच्या. त्यायले नाई दिसलं, अन् तुले हिरडीत दिसलं?”

“त्यांना कोणी शेंदराचं सांगितलं होतं?”

तानुबाईच्या मांडीवरून अर्धी माळ खाली सरकली. “मामाजी,” ती सासऱ्यांना हळू म्हणाली, “डॉक्टरनं इच्यारलं होतं, घरचं काही देता का. मी नाई म्हटलं. हे काय औषीद हाय का, मले वाटलं.” मग ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. “त्यात मध मीच घालो रोज.”

शालिकराम बाहेर गेले. बांधावरच्या दगडापुढे ते बराच वेळ उभे होते, पाठमोरे. प्रणाली घड्याळात पाहत होती: चौदा मिनिटं. परत आले तेव्हा त्यांनी कोणाकडेच न पाहता सांगितलं, “पोरीले चप्पल घाल.”

करिश्माच्या रक्तात शिसं निघालं डेसिलिटरला अठ्ठ्याहत्तर मायक्रोग्रॅम. पाचच्या वर गेलं की डॉक्टर काळजी करतात. अमरावतीच्या दवाखान्यात तिला इंजेक्शनं सुरू झाली. सहाव्या दिवशी तिने नर्सला तुमचे सॉक्स वेगवेगळ्या रंगाचे हाय असं सांगितलं, आणि तानुबाई व्हरांड्यात जाऊन रडली. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. अभ्यासाचं मात्र आत्ताच सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी शालिकराम प्रणालीच्या ऑफिसात आले. टोपी हातात, काखेत एक पिशवी.

“थो कागद पाठवला का?”

“गीताचा? नाही अजून.” प्रणालीने केयूरकडे पाहिलं. तो हेडफोन घालून बसला होता. “आबाजी, त्यात नव्व्याण्णव लिहिता येतं. कारण अस्पष्ट. तिची तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे ते खोटंही नाही. गावात कोणी विचारलं तर तुम्ही...”

“गावात मी आजलोक बाहेरचंच सांगत आलो,” ते म्हणाले. “सोपं असते. कोनाचं नाव येत नाई त्यात.” त्यांनी पिशवी उघडली. आत गाठोड्यात एक वेणी होती, मुळाशी सुतळीने बांधलेली. “झटके आले तवा केसात गाठी झाल्या होत्या. तीन जानेवारीले तानूनं कापली, पार मुळातून. पेटीत ठेवली होती. तू म्हणे ना, शिसं साचते. केसात साचते का?”

“साचतं.”

“मंग पाह्य. करिश्माचं समजलं. गीताचं मले पायजे.”

“समजल्यावर काय करणार तुम्ही?”

“तुले कायले पायजे थे?”

प्रणालीने पट्टी काढली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ती म्हणाली. म्हणजे मुळापासून मागे मोजत गेलं तर ही वेणी कॅलेंडरसारखी वाचता येते. पोळ्याची कर आली वेणी कापण्याच्या चार महिने आधी, म्हणजे मुळापासून चार सेंटिमीटरवर. तिथे तिने पांढरा दोरा बांधला. दोऱ्याच्या पलीकडे शेंदराआधीची गीता, अलीकडे नंतरची. शालिकराम त्या दोऱ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी बोटाने वेणीचं टोक, पलीकडचं, एकदा सरळ केलं.

नमुने धुऊन, एकेक सेंटिमीटर कापून अकोल्याच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल एकोणीस दिवसांनी आला. शालिकराम सकाळपासून बाकावर बसून होते. त्यांना वाचता येत होतं, पण ते म्हणाले, “तूच वाच.” तिने वाचलं.

गीतांजली, वय अकरा. केसांतील शिसे, मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. मुळापासून सहावा सेंटिमीटर: ३. पाचवा: ४. इथे पांढरा दोरा. चौथा: २९. तिसरा: ८८. दुसरा: १५७. पहिला: २१२.