पिंपाबाहेरच्या चकत्या

दार : सताड उघडं

वरच्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक कधीच निघून गेला होता, पण न खपलेले सोफे मागे राहिले होते, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. त्या सोफ्यांवर आता कंबरदुखी, दमा आणि अर्धशिशी मांडीला मांडी लावून बसली होती. पूर्वी जिथे डबल बेड मांडलेला असे, त्या चौथऱ्यावर हातगुणी उभा होता. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने कपाळावर हात ठेवला की माणूस बरा होतो, म्हणून हातगुणी.

"विज्ञानाला आम्ही घाबरत नाही," तो म्हणाला. आवाज मऊ, मलम चोळल्यासारखा. "विज्ञान आमच्या घरचंच आहे. थोडं वाया गेलेलं, इतकंच."

सोफे हसले.

"कुणी म्हणतात, इथे बोलतात ते शिकवून ठेवलेले लोक. ठीक आहे. आज निवड मी करणार नाही. निवड त्या करतील."

त्याने बोट दाखवलं ते साबणबाईकडे.

कोण कुठला साबण वापरतं हे दारोदार विचारत फिरणं, हा तिचा पोटाचा धंदा. कंपनीची पाहणी असे. कुठल्या दारावर जायचं ते तिच्या मर्जीवर नसे, चिठ्ठी ठरवी. ओळखीचं दार, हसऱ्या बाईचं दार, कुत्रा नसलेलं दार, असली निवड तिला चालत नसे. साबणबाई लबाडी करणार नाही, हे सगळी वस्ती जाणून होती. तिची थोरली बहीण तर सगळ्यात पुढच्या सोफ्यावर मान ताठ करून बसली होती. ताईला लहानपणापासून झटके येत.

चौथऱ्यावर निळं पिंप होतं, प्लायवुडच्या चकत्यांनी गळ्यापर्यंत भरलेलं. पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला हातगुणी अशी एक चकती द्यायचा, नाव-पत्ता घातलेली. ती घराच्या दारावर टांगायची आणि पुढच्या खेपेला आणून पिंपात टाकायची, अशी पद्धत.

साबणबाईने काम मनावर घेतलं. बाह्या सरसावल्या. पिंप आडवं पाडून जमिनीवरून लोळवलं, तळच्या चकत्या वर आणल्या, कोपरापर्यंत हात घालून ढवळल्या. डोळ्यांवर पट्टी बांधली तीही स्वतःच्या ओढणीची. एकेक करत बारा चकत्या काढल्या आणि स्वतः त्या बारा पत्त्यांवर जाऊन आली.

बाराच्या बारा बरे होते.

पुढच्या सभेत हातगुण्याने तिच्या हातात माईक दिला. "निवड चोख होती," ती म्हणाली. ते खरं होतं. तेच तिला पुढे झोपू देईना.

त्या संध्याकाळी ताईने गोळ्या बंद केल्या.

"डॉक्टरला विचारलंस का?"

"डॉक्टर काय सांगणार, गोळ्या घ्या. गोळी पोटात आहे तोवर आजाराची सावली अंगातून निघत नाही, असं हातगुणी म्हणाले. आणि चकत्या तूच काढल्यास ना? मग झालं तर."

दार : बंद

पाहणीची नवी गल्ली. चिठ्ठी निघाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दाराची. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तिने टकटक केली. आवाज थांबला. कुणी आलं नाही. ती जिना उतरू लागली तसं मशीन पुन्हा सुरू झालं.

दारावर चकती लटकत होती.

तिने वरच्या बाईंना, म्हणजे तिच्या पाहणीच्या मुकादमीणबाईंना, फोन लावला. "दार उघडत नाहीत. शेजारचं उघडं आहे, बाई हसून बघतेय. तिचं घेऊ का?"

"हसऱ्याच बायका घ्यायच्या तर तुला कशाला पाठवली? जाहिरातच काढली असती."

"आत माणूस आहे, बाई. मशीन चालतंय."

"मग उद्या जा. न उघडणारी घरं तू सोडत गेलीस, तर जगात सगळे उघडणारेच राहतात असं वाटायला लागेल तुला."

दार : बंद (दुसरी खेप)

मशीन. टकटक. शांतता.

व्हरांड्यातल्या वाऱ्याने चकती हलत होती आणि दाराच्या लाकडावर हळूच आपटत होती. आत घ्या म्हणून कुणी सांगावं तशी. चकतीवर एका मुलीचं नाव होतं.

दार : किलकिलं

तिसऱ्या खेपेला मशीन थांबलं आणि पावलं आली. गळ्यात टेप अडकवलेला म्हातारा शिंपी.

"चकती न्यायला आलीस?"

"नाही काका. साबण कुठला वापरता, एवढंच विचारायचंय."

त्याला हसू आलं की काय, तिला नीटसं कळलं नाही. "साबण. वडी आहे आत, तिचीच. अर्धी झिजलेली. मी न्हाणीघरात जात नाही. खाली नळावर उरकतो."

या कामात गप्प राहिलं की माणसं बोलतात.

"मुलगी माझी. झटके यायचे. त्याने गोळ्या सोडायला सांगितल्या, सोडल्या. मग बरेच दिवस एकही नाही आला. म्हटलं, जिंकलो. चकती द्यायला जायचं म्हणून न्हायला गेली. आत पाणी वाहत होतं. मला वाटलं, केस धुतेय. मी आपला काज करत बसलो." त्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "केस लांब होते तिचे. वेळ लागायचाच."

"तुम्ही त्याला जाऊन सांगितलं नाहीत?"

"निघालो होतो. त्या दुकानाच्या जिन्यातूनच परत फिरलो. वर सगळे हसत होते. एवढे लोक बरे होतात, तर खोट आमच्याच घरात असणार. मीच मनातून शंका धरली असणार. ती तिला बाधली."

साबणबाईने दारावरच्या चकतीकडे पाहिलं. पिंप तिने कितीही लोळवलं असतं, डोळ्यांवर एकावर एक पट्ट्या बांधल्या असत्या, तरी ही चकती तिच्या हाताला लागली नसती. ती पिंपात नव्हतीच. ती इथे होती, वाऱ्यावर दार ठोठावत.

दार : आतून कडी

घरी आली तेव्हा न्हाणीघरात पाणी वाहत होतं.

"ताई."

पाणी.

तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. कडी निघाली. डोक्याला फेस, अंगाला पंचा, कपाळावर आठी.

"काय गं, आग लागलीय का कुठे?"

"कडी का लावलीस?"

"आयुष्यात पहिल्यांदा लावतेय." ताईचा आवाज उतरला. "आई असताना आई बाहेर बसायची. मग तू. कडी लावून न्हायला काय वाटतं, ते तुला नाही कळायचं."

साबणबाई ओल्या फरशीवरच बसली आणि तिने शिंप्याच्या मुलीचं सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. पण ती तिचीच बहीण होती, हिशेबाला पक्की.

"एक मुलगी गेली. वाईटच झालं. आणि तुझे बारा बरे झाले, ते? बारा खोटे आणि एक खरी?"

ताईचं चुकत नव्हतं. एकीची गोष्ट ती एकीचीच गोष्ट. हातगुणीही तेच करत होता, एकेक गोष्ट उचलून माईकसमोर उभी करत होता. उत्तर हवं असेल तर पिंप बाजूला ठेवून दारांपासूनच सुरुवात करायला हवी होती.

दारं

वस्तीतली सगळी दारं तिने ओळीने धरली, चकती असलेली, नसलेली, सगळी. एक ते वीसमधली एक चिठ्ठी उचलून पहिलं दार ठरवलं आणि तिथून पुढे दर विसावं दार. आवडनिवड नाही. बंद असेल तर पुन्हा यायचं.

गुडघा. बरा आहे आता. चकती? टाकली की पिंपात.

कोण हातगुणी?

दमा. आहे तसाच. कुणाला बोलू नका हं.

(बंद.)

सर्दी होती, गेली. चकती पिंपात. नाक चोंदलं की जाऊच पुन्हा.

डोळा. आता दुसऱ्याने पण कमी दिसतं. चकती कपाटामागे आहे. आमच्या ह्यांना वाटतं, मी परत दिली.

पाठ. तीच पाठ, तेच दुखणं. आमचा भाव कमी पडला, त्यांचा काय दोष.

(बंद. चकती आहे.)

ते आता नसतात.

म्हणजे कुठे गेले?

नसतात म्हटलं ना, बाई.

(बंद. तिसऱ्यांदाही. चकती आहे. आत दिवा जळतोय, तो मागल्या खेपेलाही जळत होता.)

काही दिवसांनी तिला दारं झोपेतही दिसू लागली. जी उघडली ती नाहीत. ज्यांच्यामागे पावलं दारापर्यंत येत आणि तिथेच थांबत, ती.

परत न केलेली चकती जिथे भेटली तिथे ती विचारी, "नेऊ का ही?" काहींनी नाही म्हटलं. बऱ्याच जणांनी अशी झटकन काढून दिली की जणू घरातला विंचूच बाहेर नेला जात होता.

दार : सताड उघडं (दुसरी खेप)

सोफे गच्च भरलेले. ताई पहिल्या रांगेत. साबणबाईने माईक मागितला आणि हातगुण्याने तो आनंदाने दिला. त्याची आवडती साक्षीदार.

"निवड चोख होती असं मी इथे सांगितलं होतं," ती म्हणाली. "निवड चोखच होती. पिंप चोख नव्हतं."

हातगुणी हसला. "शंका आली वाटतं बाईंना. शंकेवर इलाज सगळ्यात अवघड. या मंडळींनाच विचारू या. कोण कोण बरं झालं, हात वर करा."

हातच हात. वयस्कर, बांगड्या घातलेले, प्लास्टर निघालेले. मग तिच्या लक्षात आलं, की हे दुकानसुद्धा एक मोठं पिंपच आहे.

"या हातांवर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "बरं वाटलं तो दुसऱ्यांदा इथे येतो आणि चकती टाकतो. सर्दी आपली आपण जाते, पाठ कधी धरते कधी सुटते, झटके महिनोन्‌महिने येत नाहीत. असे सगळे येतात. ज्याला गुण आला नाही, तो शरमेने घरी बसतो. जो गेला, तो कशाला जिना चढेल? मी पिंपातून निवडलं, म्हणजे ज्यांना बरं वाटलं त्यांच्यातूनच निवडलं. डोळे मी बांधले होते, पण गाळणी त्याआधीच लागून गेली होती."

तिने पिशवी चौथऱ्यावर उपडी केली. नावं खाली जातील अशा चकत्या पसरल्या.

हातगुण्याचा आवाज तसाच मऊ होता. "ज्यांची श्रद्धा कच्ची, त्यांच्या या."

"मग हात ठेवायच्या आधी सांगा, कुणाची कच्ची आहे ते. मागाहून तर मीही सांगेन."

मागच्या सोफ्यावरून कुणी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. त्यांनी एक चकती उलटी केली आणि वरचं नाव वाचलं.

"हे आमच्या वरच्या मजल्यावरचे," ते म्हणाले. "मला वाटलं, मुलाकडे राहायला गेले."

काही उठले, काही बसून राहिले. हातगुण्याने पुढच्या कपाळावर हात ठेवला, पण ते कपाळ त्याच्याकडे नाही, चकत्यांकडे बघत होतं.

(दार नाही. खिडकी.)

घरी ताई खिडकीत उभी होती. समोर उंच इमारत, खिडकीवर खिडकी.

"एवढ्याच जणांना गुण नाही आला?"

"ताई, मी दर विसावं दार घेतलं. मधल्या एकोणीस दारांवर मी गेलेच नाही."

"मग तिथलं कसं कळणार?"

"तसं कळतंच. नेमकं कोण, ते नाही कळत. किती, ते साधारण कळतं. माझ्या पिशवीतल्या एका चकतीमागे साधारण वीस धर."

समोरच्या इमारतीत संध्याकाळचे दिवे लागत होते, आणि काही खिडक्यांत लागत नव्हते. ती कुठल्या खिडक्यांकडे बघत होती ते साबणबाईला विचारावंसं वाटलं नाही.

कुणी शंभर बरे झालेले आपल्यासमोर उभे केले, तर त्यांना खोटं ठरवायची घाई करू नये. ते खरं बोलत असतील. त्यांना उभं करणाऱ्याला मात्र विचारावं, हे शंभर कितीजणांतून आले, आणि बाकीचे कुठे आहेत. त्याला सांगता आलं नाही, तर आपण जाऊन बघावं. आणि ते बघून होईपर्यंत कुणीही कुणाचं औषध बंद करू नये.

"एकदम पुन्हा सुरू केल्या तर चालतील का गं गोळ्या?" ताई म्हणाली. "की आधी विचारायला हवं?"

"विचारायला हवं. आत्ता जाऊ. दवाखाना अजून उघडा असेल."

ताईने खिडकीतून नजर काढली नाही, पण हात मागे करून चप्पल मागितली.