आधी टिचकी, लगेच बोंबील

“सून मुकी नि मांजर बहिरी. बरी जोडी पडलीय माझ्या पदरात!” कौसल्याबाई शेजारच्या जाईबाईंना म्हणाल्या. सून, कमल, दाराआडच होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं.

मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी बोलतेय. परळच्या चाळीत कौसल्याबाईंनी दोन जुन्या लुगड्यांवर मला बोहारणीकडून घेतलं. काठाला पोचा आला तशी माणसांच्या पंगतीतून उठले नि मनी मांजरीच्या वाट्याला आले. तक्रार नाही. मनी जितकं चाटूनपुसून खाते, तितकं माणूस कुठं खातो!

कौसल्याबाईंची एक सवय. मनीचं खाणं झालं की काटे झाडायला मला मोरीच्या कट्ट्यावर दणादण आपटायच्या. मनीनं हिशेब बांधला : थाळी वाजली, जेवण संपलं. पुढं तिला बोलवायला बाई मला तशाच आपटायच्या आणि ती शेपूट वर करून चालती व्हायची.

“बघा, माजलीय नुसती!”

कमल बघत होती. लग्नाला महिना झालेला. सगळं बघायचं नि तोंड मिटून राहायचं. एका दुपारी तिनं मला नखानं तीन टिचक्या मारल्या आणि मग सुके बोंबील साफ करायला बसली. मनी वाट बघून निघून गेली. दुसऱ्या दिवशी बोंबलाचं डोकं आधीच मुठीत. टिचक्या, नि लगेच डोकं. आठ दिवसांत टिचकी ऐकली की मनी हजर! माझ्या आवाजाला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी धावत आलं. आज मी फडताळात पडून असते, पण ते उपकार विसरले नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. एकदा मोर्चा उधळला, पळापळ झाली, संचारबंदी लागली. मनी भेदरून बोळातल्या हातगाडीखाली शिरलेली. इकडे खाटेखाली तिची चार दिवसांची पिल्लं ओरडून दमलेली. खाली उतरायची सोय नाही. कौसल्याबाई मला गॅलरीच्या कठड्यावर बडवू लागल्या. मनी आणखी आत सरकली.

“मरतील गं पिल्लं!” बाईंचे डोळे भरले.

कमलनं मला त्यांच्या हातातून घेतलं. बोळ इतका चिडीचूप, की नखाची टिचकीही पोचली. एक, दोन, तीन. मनी निघाली, धडाधड जिना चढली, नि उंबऱ्यातच तिच्या तोंडाशी बोंबील.

“काय जादू केलीस गं?”

“जादू कसली? तुम्ही थाळी वाजवायच्या ती जेवण झाल्यावर. आधी वाजवायची, नि लगेच द्यायचं.” कमलनं मला खाली ठेवलं. “मनीला ऐकू येतं, आई. दाराआड मलापण आलं होतं.”