शंभर तिरकामठे

छोटे शिपाई मांडून लढाया खेळायच्या माझ्या स्पर्धेत मुघलांसमोर रोमन सैन्य मांडलेलं मी खपवून घेत नाही. जे खरोखर एकमेकांशी लढले, तेच टेबलावर लढणार, आणि दोन्हीकडचं बळ सारखं असणार. यावरून मी कित्येकांशी भांडलोय.

यंदा लोणखेड्याच्या हॉलमध्ये सातपुड्यातल्या एका घाटाची लढाई लावली. इंग्रज कप्तानाने अहवालात लिहिलं होतं, ‘शंभर सशस्त्र भिल्ल ठार.’ म्हणून मी एकीकडे इंग्रजांचे साठ बंदूकवाले दिले, दुसरीकडे शंभर तिरकामठेवाले. बंदुकीची ताकद धरली तर जोड बरोबरीची. बंदूकवाल्यांची बाजू शहाद्याच्या भावेशकडे होती. भिल्लांची बाजू त्याच घाटातल्या रेवजीने मागून घेतली.

खेळ सुरू व्हायच्या आधीच रेवजी आपले बोटभर शिपाई उचलून खोक्यात टाकायला लागला.

“अरे, माझी मांडणी का मोडतोयस?” मी ओरडलो.

“सर, पूर्वजांना नैवेद्य दाखवताना आम्ही त्या दिवशी मेलेल्यांची नावं घेतो. शंभरच आहेत. मला पाठ आहेत.” त्याने पुढचा शिपाई उचलला. “ही फुलवंती, पाण्याला गेली होती. हा तिच्या कडेवरचा.”

तो नावं घेत राहिला. मी त्याला थांबवलं नाही. शेवटी टेबलावर सात उरले.

“तिरकामठा एवढ्यांकडेच होता.”

भावेशने हळूच विचारलं, “सर, मग माझे किती काढू?”

“एकही नको,” रेवजी म्हणाला. “सरांना खरी लढाई पाहिजे ना?”