नवलची पहिली बायको

नवलचं पहिलं लग्न सकाळी लागलं आणि चहा होईपर्यंत तो विधुर झाला.

त्याचं असं झालं. नवल चोपड्याकडचा केळीवाला. दोंडाईच्याच्या सोनलशी सोयरीक ठरली, साखरपुडा झाला आणि मग घरच्यांच्या लक्षात आलं की पोराच्या पत्रिकेत मंगळ आहे. त्याचे वडील रुपचंदभाऊ घाईघाईनं जीवराम महाराजांकडे गेले. महाराज म्हणाले, आधी झाडाशी लग्न लावू, झाड तोडू. मंगळ पहिलीवर निघून जाईल, दुसरी सुखात नांदेल. पुरुषासाठी खरं तर रुई सांगितली आहे. पण घरची उभी केळी सोडून बांधावरच्या रुईशी सोयरीक करावी इतकं आपलं काय अडलंय, असं रुपचंदभाऊंचं म्हणणं पडलं, आणि महाराजांनाही ते पटलं.

मग बागेत जाऊन रीतसर केळ पाहण्यात आली. विहिरीजवळची एक पोसलेली निघाली. तिला हिरवी साडी गुंडाळली, हळद लावली, अंतरपाट धरला. मंगलाष्टकं संपली तशी महाराजांनी नवलच्या हातात विळा दिला. सुतक किती, असं नवलनं विचारलं. महाराज म्हणाले, आंघोळ पुरे. दोंडाईच्याला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये, असं सगळ्यांचं ठरलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढचा घोटाळा पुस्तकानं केला.

सोनलला निसर्गावरची पुस्तकं वाचायची सवय होती. मुंग्या, वेली, नदीकाठचे पक्षी, काहीही. साखरपुड्यापासून नवल तिला रोज फोन करायचा आणि जेवलीस का, एवढं विचारून झालं की त्याचं बोलणं संपायचं. म्हणून की काय, तिनं कुरिअरनं एक पुस्तक पाठवलं. वनस्पतींच्या गमतीजमती सांगणारं, सोप्या भाषेतलं. एका पानाचा कोपरा तेवढा दुमडलेला. बारावीनंतर नवलनं पुस्तक उघडलं नव्हतं, त्यामुळे तो थेट दुमडलेल्या पानावर गेला. पान केळीवर होतं. आपल्या माणसाचं पीक म्हणून प्रेमानं दुमडलं असेल, असं वाटून तो सुखावला आणि वाचू लागला.

पुस्तक म्हणत होतं, केळ हे झाडच नाही. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकात एक गुंडाळलेली पानं. खरं खोड जमिनीखाली, आरामात. वरचं कापलं म्हणून केळ मरत नाही. बुडाशी नवं रोप फुटतं ते पीलही तीच. आणि टिश्यू कल्चरची रोपं एकाच आईचे तुकडे असतात, तेव्हा अख्खी बाग म्हणजे एकच केळ, ठिकठिकाणी उभी राहिलेली.

नवल केळीतच लहानाचा मोठा झालेला. कापलेल्या खुंटातून नवं पान वर येतं हे त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं की पाहणंही सोडून दिलं होतं. पण तेव्हा ती त्याची बायको नव्हती.

तो तसाच विहिरीकडे धावला. खुंटाच्या बरोबर मधून पानाची कोवळी सुरळी चांगली वर आली होती. नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी टवटवीत. शेजारी दोन पीलं.

त्या दिवसापासून नवल एका जागी बसेना. बागेत पाणी सोडायला गेला तर खाली मान घालून जायचा, कारण चहूकडून तीच बघत होती. चौफुलीवर उभा राहिला तर समोरून घडांनी भरलेला ट्रक जायचा. बायको दिल्लीला निघालेली. चहाच्या टपरीवर कुणी केळ सोलायला घेतलं की तो उठून बाहेर यायचा. मंगळावर त्याचा तसा फार विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या माणसालाही मेलेली बायको रोज थोडी थोडी वाढताना दिसली तर तो काय करणार? पहिली जिवंत म्हणजे मंगळ शिल्लक. आणि शिल्लक मंगळ सोनलवर जाणार. तिला सांगावं तर लपवालपवीपायी लग्न मोडणार. न सांगावं आणि उद्या तिला साधा ताप आला, तरी आयुष्यभर विहिरीकडे बघायची सोय राहणार नाही.

रुपचंदभाऊंना त्यानं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आरे, पीक शे ते. तुले काय व्हयनं?"

मग महाराजांना बागेत आणलं. त्यांनी कंद खणून काढायला सांगितला. नवलनं पीलं दाखवली. महाराजांनी बराच विचार केला आणि पीलं कोणत्या नक्षत्रावर निघाली ते विचारलं, कारण रीतीनं पाहता ती नवलची लेकरं धरावी लागणार होती. त्यावर नवलनं त्यांना अख्ख्या बागेचा परिच्छेद वाचून दाखवला. महाराजांनी नवलच्या हातातलं पुस्तक पाहिलं, घडांनी वाकलेली बाग पाहिली आणि मग रुपचंदभाऊंकडे पाहिलं. रुपचंदभाऊंनी विळा पाठीमागे लपवला होता.

"महाराज," ते म्हणाले, "पोऱ्यानं लगन मोडनं ते चाली, पन बागले कोनी हात लावाना नही."

तेवढ्यात बस्त्याचा दिवस आला. दोन्हीकडची मंडळी धुळ्यात कापडाच्या दुकानात जमली. पांढऱ्या गादीवर साड्या उलगडल्या जात होत्या. दुकानदारानं एक केळीपानी हिरवी उघडली तसा नवल दचकून मागे सरकला. सोनलही सारखी उठत होती, बसत होती, एकाही साडीला हो म्हणत नव्हती. ती पाणी प्यायला जारपाशी गेली, तेव्हा नवल मागोमाग गेला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मंगळ, साडी, विळा, सुरळी. लग्न मोडायचं असेल तर मोड, पण तुला काही व्हायला नको, हेही सांगितलं.

सोनल ग्लास हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "केळ कोणती?"

"जी-नाईन."

"टिश्यूची?"

"हो."

तिनं ग्लास खाली ठेवला. "मग आपली एकच आहे."

तिच्याही पत्रिकेत मंगळ होता. तिच्याही घरच्यांनी लपवला होता. शिरपूरकडे मामाच्या बागेत तिचं केळीशी लग्न लावून मामानंच केळ तोडली. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं मागे वळून पाहिलं, तर पान वर आलेलं. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"म्हणून पुस्तक पाठवलं," ती म्हणाली. "तुम्ही हसला असता तर मी कधीच सांगणार नव्हते."

नवलला बरं वाटलं, पण एक शंका राहिलीच. त्याच्याकडे ती बायको होती. सोनलकडे नवरा कसा?

"पुढचं पान वाचलं नाही का? एकाच घडाला आधी मादीफुलं येतात, मग नरफुलं."

नवलनं पान उलटलं नव्हतं.

सोनलनं ग्लास भरून त्याला दिला. मग सोनल म्हणाली, दोन्हीकडे मंगळ असला की पत्रिका आपोआप जुळते, काहीच करावं लागत नाही. "घरच्यांनी एकमेकांना नुसतं विचारलं असतं, तर ती वाचली असती."

"ती वाचलीच आहे," नवल म्हणाला.

लग्न दोंडाईच्याला झालं. मांडवाच्या दाराशी दोन केळी बांधल्या होत्या. एक रुपचंदभाऊंनी हौसेनं घरून आणलेली, दुसरी मामानं. उन्हानं बाकीची पानं लोंबली होती. मधली सुरळी मात्र दोन्हीकडे ताठ उभी होती.

नवरा-नवरी दारात थबकली. सोनल हळूच म्हणाली, "दोन्हीकडून आली आहे." मग दोघंही वाकली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागून येणाऱ्या वऱ्हाडाला वाटलं काहीतरी रीत असेल; तेही एकेक करून वाकून पुढे गेलं. जीवराम महाराज सर्वांत जास्त वेळ वाकले.

पंगतीला केळीची पानं मांडली होती. दोघांनी स्टीलची ताटं मागून घेतली.