कृती समितीचं पत्र

सिंधु बिरादार लातूरच्या विद्यापीठ उपकेंद्रात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होती. पण दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत तिचा सगळा दिवस पाण्याची सोय करण्यातच जात होता. मांजरा धरण आटलं होतं, आवारातली बोअर बंद पडली होती, आणि एकशे बेचाळीस मुलींसाठी दिवसाआड एक टँकर यायचा. कधी तोही यायचा नाही. मुली तोंड धुतलेलं पाणी बादलीत साठवून संडासाला वापरायच्या.

महिना संपता संपता नांदेडहून मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. पाण्याची सोय होत नसेल तर वीस मार्चपर्यंत वसतिगृह रिकामं करावं. परीक्षा सात एप्रिलपासून होत्या.

पत्राची बातमी फुटली तशी बिलोलीहून धुरपताबाई आली. तिची लेक बी.एस्सी.नंतर इथं एम.एस्सी.ला होती. ऑफिसच्या दारातच बसून ती म्हणाली, "मॅडम, पोरीला घरी धाडू नका. आमच्याकडं दोन कोसावरून पानी आनावं लागतं. ती आली की घागर तिच्याच डोक्यावर येनार. मग पेपर कोन देईल?"

सिंधुकडं एक उपाय होता. रेणापूर रस्त्याला एका शेतकऱ्याच्या बोअरला अजून पाणी होतं आणि तो द्यायला तयार होता. तिथपासून तीन किलोमीटरची पाइपलाइन आणि जमिनीखाली एक टाकी, एवढं झालं तर मुली राहू शकत होत्या. नव्या वसतिगृहासाठी सरकारनं आदल्या वर्षी निधी मंजूरही केला होता. दुष्काळामुळं सगळ्याच खात्यांना कात्री लागली आणि तो अडकला. विधानसभेत कुणी विषय काढला तर त्यातला पाण्यापुरता हिस्सा सुटेल, असं नांदेडच्या नियोजन विभागातले शेषेराव म्हणाले. लातूरकडच्या आमदारांना शहराच्या पाण्याच्या प्रश्नानंच वेढलं होतं. म्हणून शेषेरावांनी सीमेकडच्या मतदारसंघाचे आमदार अमृतराव खानापुरे यांची वेळ घेतली.

उदगीरच्या विश्रामगृहात दोघं पोचले तेव्हा खोलीत आधीच सात-आठ माणसं बसली होती. त्यांत गुरुपादप्पा दिसला आणि सिंधु दारातच थबकली. गुरुपादप्पा तिचा धाकटा भाऊ. देवणीत त्याचं पेंडीचं दुकान होतं आणि उदगीर जिल्हानिर्मिती कृती समितीचा तो सचिव होता. नव्या जिल्ह्यांची यादी निघणार अशी कुणकुण त्या हिवाळ्यापासून होती, त्यामुळं समितीची माणसं अमृतरावांच्या मागंच असायची.

सिंधुनं पाण्याच्या निधीसाठी लिहून आणलेलं टिपण अमृतरावांनी शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं हाय, मॅडम. शेवटी दोन ओळी वाढवा. उदगीर जिल्हा होणार हाय, तवा उपकेंद्र टप्प्याटप्प्यानं उदगीरला हलवावं, अशी विद्यापीठाची भूमिका हाय म्हणून."

"विद्यापीठाची तशी भूमिका नाही, साहेब."

"मंग होईल की."

"लातूरचे आमदार उठतील. भांडण जागेवरून होईल आणि पाणी बाजूला राहील."

अमृतरावांनी टिपण टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "माझी माणसं मला विचारतेत, लातूरच्या हॉस्टेलसाठी तुमी का बोलायलाव? त्यांना काय सांगू? मी दोनला निघनार. तोवर ठरवा."

एक वाजला होता. व्हरांड्यात येताच शेषेराव दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, लिहून टाका. भाषणातलं कोण लक्षात ठेवतं?"

"लातूरवाले ठेवतील."

मागून गुरुपादप्पा आला. शेषेराव जरा लांब जाऊन उभे राहिले.

"अक्का, तू देवणीचीच ना?" तो म्हणाला. "लातूरचा दवाखाना तीन तासांवर, आप्पा पोचलाच न्हाई. निलंग्याच्या अलीकडंच गेला तो. जिल्हा उदगीरला असता तर मोठा दवाखाना तासाभरावर असता. तू इसरलीस?"

ती विसरली नव्हती. जीपमध्ये वडिलांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. तिनं कठड्यावर हात टेकले. दोन ओळी. लिहिल्या तर भाऊ खूश, साहेब खूश, शेषेराव खूश. कदाचित निधीही सुटेल. कदाचित.

"जिल्हा माग, गुरू," ती शेवटी म्हणाली. "मी कधी अडवलं? पण माझ्या मुलींच्या पाण्यावर नको मागू."

गुरुपादप्पा वळला. आत निघून गेला.

पावणेदोनला सिंधुनं टिपण होतं तसंच अमृतरावांपुढं ठेवलं. फक्त सोबत एक यादी जोडली. मुलीचं नाव, गाव, तालुका. "यातल्या अठ्ठावन्न मुली तुमच्या होणाऱ्या जिल्ह्यातल्या आहेत," ती म्हणाली. अमृतरावांनी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि गाडीकडं गेले. बोलणार की नाही, हे सांगितलंच नाही.

परतीच्या वाटेवर लातूर दिसायला लागल्यावर शेषेराव म्हणाले, "वीस तारखेला मुलींना तुम्हीच सांगा. मी येणार नाही."

अधिवेशन सुरू झालं. रोज संध्याकाळी मुली विचारायच्या, मॅडम, बॅगा भरायच्या का? ती म्हणायची, अजून नाही. अभ्यासिकेत मात्र पुस्तकांपेक्षा बॅगाच जास्त दिसायला लागल्या. चौदा तारखेला गुरुपादप्पाचा फोन आला. तिच्याशी तो त्या दिवसानंतर बोलला नव्हता.

"साहेब सोळाला बोलनार हायत. समितीचे चौघं चाललोत. एक पास जास्त हाय. येतीस का?"

तिनं रजा टाकली.

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बहीणभाऊ शेजारी बसले. फोन खाली जमा केलेले, बोलायला मनाई, हातांचं काय करावं कळत नव्हतं. अमृतरावांची पाळी दुपारी तीनला आली. आठ मिनिटं. पहिली पाच उदगीर जिल्ह्यावर गेली. सिंधु भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. सहाव्या मिनिटाला अमृतरावांनी खिशातून घडी काढली.

"अध्यक्ष महोदय, एकशे बेचाळीस मुली परीक्षेच्या तोंडावर पाण्यावाचून घरी चालल्या आहेत." ते सावकाश, नीट वाचत होते. बोअर, पाइपलाइन, टाकी, अडकलेला निधी, एकही गोष्ट सुटली नाही. सभागृह शांत झालं. सिंधु घड्याळाकडं बघायची थांबली. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. अमृतरावांनी कागद खाली ठेवला.

"आणि म्हणूनच हे उपकेंद्र लातूरहून उदगीरला हलवावं, ही विद्यापीठाची आणि जनतेची मागणी आहे."

समोरच्या बाकांवरून लातूरकडचे चौघं आमदार एकदम उठले. कुणीतरी कागद भिरकावला. "लातूरचं काही हलू देणार नाही." "मग जिल्हा द्या." मंत्री उठले आणि चार वाक्यांत मोकळे झाले. जागेबाबत एकमत दिसत नाही, तेव्हा निधीचा विचार एकमत झाल्यावर करू. पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं.

फोन परत घेऊन सिंधु बाहेर आली ती सरळ चालत सुटली. गुरुपादप्पा मागून येत होता. फाटकाबाहेर अमृतराव गाडीशी उभे होते, समितीची माणसं त्यांना हार घालत होती. गुरुपादप्पा गर्दीतून पुढं गेला.

"साहेब, तिनं तसं लिहिलं नव्हतं."

"माझ्या भाषणात काय बोलायचं ते मी ठरवतो, गुरुपादप्पा."

"पर तुमी विद्यापीठाची मागनी म्हनलाव. अन् जनतेची. जनता म्हंजे आमीच ना? समितीनं असा ठरावच केला नाही. मी सचिव हाव, मला ठाव हाय."

अमृतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसले आणि गाडीत बसले.

समोरच्या फुटपाथवर चहाची टपरी होती. गुरुपादप्पा तिथल्या बाकावर बसला आणि पिशवीतून समितीचा छापील कागद काढला. निवेदनांसाठी त्यानं असे वीस-पंचवीस कागद आणले होते. तो लिहायला लागला. सिंधु त्याच्या खांद्यावरून वाचत होती. 'उपकेंद्र लातूरहून हलवावे अशी कृती समितीची मागनी नाही. मुलींच्या पान्याची सोय तातडीने करावी.' तिनं चूक दुरुस्त करायला पेन घेऊ पाहिलं.

"तू हात लावू नको. तुझी नोकरी हाय," तो म्हणाला.

समितीचे बाकीचे तिघं येऊन उभे राहिले. त्यांतले वयस्क भीमाशंकर पत्र वाचून म्हणाले, "गुरुपादप्पा, आज कुठं सभागृहात उदगीरचं नाव गाजलं. आजच तू साहेबाला खोटं पाडायलास?"

"खोटं नाही पाडत. समितीचं म्हननं लिहायलोय."

"आमी सही करनार न्हाई."

"नका करू."

त्यानं एकट्यानंच सही केली आणि खाली शिक्का मारला. सिंधुनं शेषेरावांना फोन लावला. अनुदानाच्या फायली घेऊन ते दोन दिवसांपासून मंत्रालयातच हेलपाटे घालत होते. ते टपरीवर आले, पत्र वाचलं. उदगीरच्या व्हरांड्यात लांब उभं राहून त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलंच असणार. गुरुपादप्पाकडं त्यांनी एकदा बघितलं.

"मूळ द्या. झेरॉक्स नको," एवढंच म्हणून ते मंत्रालयाकडं निघाले.

सतरा गेली, अठरा गेली. एकोणीस तारखेला सकाळी सिंधु वसतिगृहाच्या नोटीस बोर्डासमोर उभी होती. रिकामं करण्याची सूचना टाइप करून हातात होती, टाचण्या दुसऱ्या हातात. पायऱ्यांवर मुली उभ्या होत्या. तेव्हा शेषेरावांचा फोन आला. पाइपलाइन आणि टाकीपुरता निधी मोकळा झाला होता. नव्या इमारतीचं पुढच्या वर्षी बघू, असा शेरा होता. काम होईपर्यंत जिल्हाधिकारी रोज दोन टँकर देणार होते.

"हलवावं ही समितीचीच मागणी नाही म्हटल्यावर, एकमत नाही हे कारण त्यांना पुढं करता आलं नाही," शेषेराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाला कळवलं का?"

तिनं सूचना फाडली नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मुलींना सांगितलं, जा, वाचायला बसा.

पाइपलाइन तीस मार्चला जोडली गेली. गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ आलं. एक एप्रिलला समितीची बैठक झाली आणि गुरुपादप्पाला सचिवपदावरून काढलं. यादीत उदगीरचं नाव आलं नाही. यादीच निघाली नाही. पण देवणीत पुष्कळांनी दोष त्यालाच दिला. दोन गावांनी त्याच्याकडून पेंड घेणं बंद केलं.

परीक्षा उरकल्यावर सिंधु देवणीला गेली. भावजय उमादेवीनं भाकरी टाकल्या. जेवणानंतर दुकानात गुरुपादप्पा पोती मोजत असताना ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे."

"तुझ्यामुळं कशाला? सही माझी होती." त्यानं एक पोतं सरकवलं. "जिल्हा पायजेच अक्का, ते मी सोडलं न्हाई. दर रविवारी समितीची बैठक असते मारुतीच्या पारावर. मला बोलावत न्हाईत."

"मग?"

"जातो तरी. मागं बसतो."