कोळदरी कोणाकडं

पंचफुलानं प्लग खोचला आणि हेडफोन कानाशी दाबून धरला.

"कोळदरी द्या. तातडीचं आहे."

"कोळदरी आता आमच्याकडं नाही बाई," पलीकडून पिंपळदऱ्याचा ऑपरेटर म्हणाला. "सोमवारपासून सोनखेडले गेली."

मेहकरच्या त्या बोर्डावर आडगावांचे फोन नव्हतेच. शेजारच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं असे, की कोणतं गाव कोणत्या एक्सचेंजच्या हाताखाली. पुढचं ते एक्सचेंज जाणे. कोळदरीपुढं पिंपळदरा लिहिलं होतं. नवं राज्य झाल्यापासून लायनींची फेरवाटणी चालली होती आणि पाटी मागं राहिली होती.

वरच्या तलावावरून आलेला निरोप तिच्या कानातून जात नव्हता. दरवाजा निसटला होता, पाणी नदीत सुटलं होतं. चैत्रातली कोरडी नदी. कोळदरीच्या बाया-माणसं या वेळी पात्रातल्या टरबुजांच्या वाड्यांत असणार, लेकरं मांडवाच्या सावलीत निजवलेली. दुपारच्या आत पाणी तिथं पोचणार होतं.

तिनं सोनखेड लावलं.

"देणार होते लाइन, दिली नाही अजून. पिंपळदऱ्याले विचारा."

पुन्हा पिंपळदरा. पुन्हा तेच उत्तर, आता जरा तुसडं. हेड ऑपरेटर उत्तमराव खुर्ची सोडून मागं येऊन उभे राहिले.

"सायकलवर माणूस धाडू का?"

"धाडा. पण पाणी त्याच्या आधी पोचंन."

त्या दोघांना विचारत बसण्यात आता अर्थ नव्हता. वाटणी ज्यानं केली, त्यालाच ठाऊक असणार. तिनं बुलढाण्याचा बोर्ड गाठला.

"मले कोळदरी जोडून नका देऊ. कोळदरी कोणाच्या हाताखाली दिली, तेवढं सांगा."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. तिनं डोळे मिटून घेतले.

"सोनखेडचा हुकूम फिरला बाई. उमरदरीच्या पोस्टात नवा बोर्ड बसवला, त्याच्याकडं आहे."

उमरदरीचा पोस्टमन कचरू लगेच बोलला. एक शब्द न विचारता त्यानं लाइन जोडली. "घंटी वाजून राह्यली," तो म्हणाला.

कोळदरीत फोन एकच, नारायणरावांच्या ओसरीवर.

"हॅलो. कोन?"

हा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नवरा निवृत्ती वारल्यावर तिनं ही नोकरी धरली, तेव्हा याच ओसरीवर तिचे सासरे नारायणराव म्हणाले होते, "गेलीस तं या घरचं नाव लावू नको." तिनं लावलं नव्हतं.

"मेहकर एक्सचेंज. तलावाचा दरवाजा गेला. नदीतली माणसं वर काढा."

"मागच्या साली बी असाच फोन आल्ता. लोकं वर आले, अन् मागून वाड्या लुटल्या चोरट्यायनं. आधी नाव सांग."

उत्तमराव तिच्याकडं पाहत होते. लाइनीवर कचरूचा श्वास ऐकू येत होता. तिची बोटं कॉर्डभोवती आवळली.

"पंचफुला," ती म्हणाली. "तुमच्या निवृत्तीची बायको. मामाजी, पाणी येऊन राह्यलं."

फोन कशावर तरी आदळला. मग अंगणातून म्हाताऱ्याचा आवाज, एकेकाचं नाव घेऊन मारलेल्या हाका, दूर दूर जाणाऱ्या. मग पळणारी पावलं. मग फक्त कोंबड्यांची फडफड, आणि नंतर तीही नाही.

तिनं प्लग काढला नाही. दुसऱ्या लायनींवर कॉल येत राहिले, ती ते जोडत राहिली. उत्तमरावांनी चहा मागवला. तो तिच्या कोपराशी निवून गेला.

उन्हं कलताना तिनं शेवटी प्लग काढला, आणि थोड्या वेळानं बोर्डावर उमरदरीचा दिवा लागला.

"कोळदरीहून फोन हाय," कचरू म्हणाला. "सगळे वर आले म्हनते. टरबुजं गेली वाहून."

उत्तमराव मटकन स्टुलावर बसले.

"कोणाले द्यायचा कॉल?" तिनं सवयीनं विचारलं.

"नाव नाही सांगत मानूस." कचरू घुटमळला. "म्हने, आमच्या सुनेले द्या."

तिनं हेडफोन जरा सैल केला, पदर डोक्यावरून घेतला, आणि मग प्लग खोचला.