सळईला एक घागर

मी टेस्टर बोलतोय. नांदेडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत विजेतलं मला कळत नाही असं काहीही नाही!

बरं, खरं सांगतो. मला दोनच गोष्टी कळतात, 'हाय' आणि 'न्हाई'. त्यातही 'न्हाई' म्हणताना मी नुसता गप्प बसतो. एवढ्याच शिक्षणावर जन्म काढणारा दुसरा एकच पाहिला, तो म्हणजे माझा मालक, वायरमन मडिवाळप्पा.

नांदेडच्या बाजारात एका दुकानात आम्ही बारा भाऊ एकाच पुठ्ठ्याला टांगलेले होतो. मडिवाळप्पानं मला उचलून भिंतीवरच्या बोर्डात खुपसलं. मी पेटलो. "ह्यो लई हुशार हाय," तो म्हणाला. बाकीचे अकराही तितकेच हुशार होते, पण मी कशाला सांगू?

माझं शास्त्र सोपं आहे. खाली लोखंडी जीभ, पोटात विजेला आवरून धरणारी एक कांडी, तिच्यावर गव्हाच्या दाण्याएवढी काचेची बत्ती आणि डोक्यावर पितळी टोपी. जीभ तारेला लावायची, अंगठा टोपीवर ठेवायचा. वीज माझ्यातून माणसात आणि माणसातून जमिनीत उतरते. कांडी तिला मुंगीच्या पावलानं चालवते, म्हणून माणूस जगतो आणि 'मी करंट तपासला' म्हणून छाती फुगवतो. एक मात्र ध्यानात ठेवा. वीज म्हणजे जावई नव्हे, आला की मुक्काम ठोकला! तिला परत जायची वाट लागते. वाट नसली की ती दारातच अडून बसते आणि काम काही करत नाही.

हीच गोष्ट मडिवाळप्पा विसरला.

आमच्या वस्तीला पाणी एकाच बोरचं. तिथं मोटर बसवली ती त्यानंच. मोटरीला तीन तारा आल्या, ती खूष. पण स्टार्टरच्या पेटीत तारेची एक लहान गुंडाळी असते. हिरवं बटण दाबलं की तिच्यातून वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं, ते खट्कन पट्टी ओढून धरतं आणि मोटर चालू राहते. त्या गुंडाळीला परतीची चौथी तार पाहिजे होती. तार खांबावर, खांब शंभर हातांवर. मडिवाळप्पानं मिशी खाजवली, बोरशेजारी, पेटीच्या खालीच, जमिनीत सळई ठोकली आणि गुंडाळीचं दुसरं टोक तिला बांधलं.

"धरती एवढी मोठी," तो म्हणाला, "तिला एक तार जड व्हतीय व्हय?"

पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकायचं, सळईची जागा कायम ओली. ओल्या मातीतून वीज बिनबोभाट परत जायची. सहा वर्षं खपून गेलं.

मधल्या काळात लातूर जिल्हा नवा झाला. ढोल वाजले, पेढे वाटले. मग पाऊस गेला तो दोन सालं फिरकलाच नाही. टँकर यायचा, तोही थांबला. चौकशीला गेलेला माणूस सांगत आला, कागद जुन्या जिल्ह्यातून निघालाय, नव्यात पोचायचाय. कागदाला तहान लागत नाही, त्याला कसली घाई!

अशात वैशाखाच्या एका दुपारी मोटर बंद पडली. बटण दाबलं की पेटी नुसती घुंऽऽ करायची आणि पट्टी सोडून द्यायची.

घरात एकच घागर उरलेली. तांब्याची, फडक्यानं झाकलेली. ती मडिवाळप्पाच्या म्हाताऱ्या आईच्या, सिद्धम्माच्या ताब्यात. गळ्यातलं शिवलिंग तळहातावर घेऊन त्यावर पाणी घातल्याशिवाय सिद्धम्मा तोंडात घोट घेत नाही. त्याच घागरीतलं पाणी गौरम्माला प्यायला. गौरम्मा म्हणजे मडिवाळप्पाच्या भावाची लेक, माहेरी येऊन बाळंत झालेली. नऊ दिवसांचं लेकरू, आणि आईचं दूध आटत चाललेलं. लेकराचं रडणंसुद्धा बारीक झालं होतं.

मडिवाळप्पानं मला तिन्ही तारांना लावलं. मी तिन्हीकडं 'हाय' म्हणालो. खोटं नव्हतं, पण त्यानं विचारलंच तेवढं.

"करंट हाय. म्हंजी मोटर जळली," मनगटानं हिरवं बटण पुन्हा दाबत तो म्हणाला. "दोनशे फुटांवरनं काढायची, लातूरला न्यायची... आठ दिवस."

"आठ दिवसांनी कुणासाठी आनता, भावजी?" गौरम्माची आई नीलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही.

मडिवाळप्पाच्या हातातून मी निसटलो आणि सळईपाशी पडलो. उचलताना त्याचा अंगठा टोपीवर होता आणि माझी जीभ सळईला टेकलेली. त्याचं दुसरं मनगट अजून हिरव्या बटणावरच दाबलेलं. मी पेटलो! जिवाच्या आकांतानं पेटलो. पण डोक्यावर ऊन असं, की माझ्या दाण्याएवढ्या उजेडाला कोण विचारतो? आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, आणि जेव्हा खरं बोललो तेव्हा दिसेना!

नीलाबाईला काय वाटलं कोण जाणे. तिनं पदर पुढं ओढून माझ्यावर सावली केली.

"भावजी, ह्यो हितं का पेटलाय? ही तर जमिनीची सळई न्हवं?"

मडिवाळप्पानं बटण सोडलं, मी विझलो. दाबलं, मी पेटलो. कोरड्या मातीत विजेची परतीची वाट बंद झाली होती. ती सळईतच तुंबली होती.

"मोटर जळली न्हाई, वहिनी. चूक माझी हाय. सांध्याचं ठिबकनं आटलं, तशी सळई वाळलीय. तिला पानी पायजे."

"किती?"

त्यानं घराकडं पाहिलं. मग म्हणाला, "एक घागर. अन् मूठभर मीठ."

घरातून लेकराचा बारीक आवाज आला. सिद्धम्मा काठी टेकत उठली, घागरीवरचं फडकं तिनं स्वतः काढलं.

"अव्वा, तुझी पूजा?" मडिवाळप्पानं विचारलं.

"आज भस्मावर भागवते. देवाला समजतंय. ओत. अन् पानी न्हाई आलं तर त्या सळईला तुलाच बांधीन."

घागर रिकामी झाली. माती चर्र करून सगळं प्याली. सगळ्यांना सळईपासून लांब सारून मडिवाळप्पानं बटण दाबलं.

खट्!

त्या दिवशी बारा घागरी पाणी आलं. गौरम्मा दोन तांबे एका दमात प्याली. सिद्धम्मानं पूजा केली, आणि मडिवाळप्पा वस्तीभर सांगत सुटला की बिघाड त्यानंच शोधला. मला काय, मला सवय आहे.

पण सळई रोज वाळते, आणि चौथी तार मिळत नाही. रोज एक घागर तिला पाजायची, मगच बोर बोलतं. बाराच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. काल दोन आल्या. आज एक ओतली आणि एकच आली, तीही गढूळ. मग पाइपातून नुसता वारा.

मी आत्ता मडिवाळप्पाच्या मुठीत आहे. माझी टोपी सैल झालीय, काच काळवंडलीय. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्यानं डब्याची झाकणं उचकटू नका, कान तर मुळीच कोरू नका. आणि त्याला उन्हात विचाराल तर वर सावली धरा. आम्ही बारीक बोलतो.

मडिवाळप्पानं परत मला तिन्ही तारांना लावलं. मग सळईला. बटण दाबलेलं, तरी तिथं मी गप्प, म्हणजे विजेची परतीची वाट मोकळी.

"बगा वहिनी," तो उसनं हसत म्हणाला, "करंट फुल्ल हाय. स्टार्टर धरतोय, मोटर फिरतीय, सळई ओली हाय. माझ्याकडनं कायबी कमी न्हाई. टेस्टरला इचारा!"

नीलाबाईनं तळाशी गाळ बसलेली घागर कमरेवर घेतली.

"मग त्याला दोरी बांधा, भावजी, अन् सोडा बोरात. खाली पानी हाय का न्हाई, तेवढं इचारा त्याला."